निळ्या शिरांचे चीज आणि आमचा पाहुणचार

तीन वर्षांपूर्वीच्या पोळ्याची गोष्ट. आमच्या घरी एक वस्तू पुण्याहून मोठ्या हौसेने आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या हाताने उकिरड्यावर गेली. तिची किंमत मला पुढे कळली तेव्हा मी कपाळाला हात लावला. परंतु खरी चुटपूट लागून राहिली ती किंमतीची नव्हे. ज्या वाचकभगिनींच्या घरी परगावी वाढलेली सून आली आहे, त्यांना ही चुटपूट अधिक सांगावी लागणार नाही.

आमच्याकडील परिस्थिती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला आमचे सावरगाव. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे भाग वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेश, कचेरीची भाषा हिंदी. पण चुलीची भाषा मराठीच, आणि तीही वऱ्हाडी वळणाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो. हीच ती गोटमार. या प्रथेविषयीचे माझे मत येथे लिहीत नाही; त्या दिवशी घरातली बायकामंडळी दारे लावून देवाचे नाव घेत असतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पोळ्याला आलेला पाहुणा त्यामुळे सहसा तिसऱ्या दिवसाखेरीज हलत नाही. मुक्काम लांबतो, आणि स्वयंपाकही.

त्या वर्षी मुलगा आणि सूनबाई लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला आली होती. सूनबाई पुण्याची. प्रवासाने थकलेली. आल्याबरोबर तिने बर्फाच्या पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेला एक लहानसा त्रिकोणी तुकडा काढला आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला. सांगायचे राहून गेले. सकाळी पुरणासाठी डाळ चढवून मी दूध काढायला गेले तो एक उग्र दर्प नाकात शिरला. सासूबाई मागच्या ओसरीवर सांभार निवडत बसल्या होत्या. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. डोळे थकले आहेत, नाक मात्र शाबूत. त्यांनी तेथूनच विचारले, “फ्रिजात उंदीर मेला काय वं?” मी कागद उलगडून पाहिला. आत पांढरट लोण्यासारखा गोळा आणि त्यात निळ्या-हिरव्या बुरशीच्या शिरा! सणाचा दिवस, नैवेद्याचा स्वयंपाक. क्षणाचाही विचार न करता मी तो तुकडा टाकून दिला, फ्रिज सोड्याच्या पाण्याने पुसून काढला आणि पुरण वाटायला बसले.

संध्याकाळी बैलांची पूजा आटोपल्यावर सूनबाई फ्रिज उघडून उभी राहिली. मी आपण होऊन, थोड्या अभिमानानेच, सांगितले की तुझ्या कागदातले ते नासले होते, मी टाकून दिले. ती म्हणाली, “असू द्या आई.” एवढेच. दुसरा दिवस गोटमारीचा, सर्वजण दाराआड. त्या दिवसभरात तिने त्याचा उल्लेख केला नाही, आणि हे न बोलणेच मला जड गेले. मुलाने नंतर सांगितले, की माझ्या हातची ज्वारीची भाकरी तिला फार आवडते, त्या भाकरीबरोबर हे चीज कसे लागेल ते मला दाखवावे म्हणून तिने ते मुद्दाम आणले होते. ते नासलेले नव्हतेच. ते तसेच असते.

त्या वर्षी माघात मी पुण्याला पंधरा दिवस राहिले आणि हा विषय मुळापासून समजून घेतला. साठी उलटल्यावर नवीन पदार्थ शिकणे जमते. नवीन वास शिकणे मात्र कठीण, असा माझा अनुभव आहे.

प्रथम हे चीज होते कसे ते सांगते. दुधाला विरजण लावावे तसे जिवाणूंचे विरजण लावतात. मग रेनेट नावाचे विकर घालून दूध घट्ट जमवतात. ते सुरीने कापून त्यातले पाणी निथळू देतात. येथवर आपल्या चक्क्याशी त्याचे नाते जवळचे आहे. फरक पुढे पडतो. पेनिसिलियम रोकफोर्टी नावाच्या बुरशीचे बीजकण दुधात किंवा जमलेल्या गोळ्यांत मिसळतात आणि ते गोळे साच्यांत सैलसर भरतात. दाबून भरत नाहीत, कारण आत पोकळ्या राहाव्या लागतात. मीठ चोळून झाले, की लांब सुयांनी त्या वड्याला आरपार भोके पाडतात. ही बुरशी वाऱ्यावाचून वाढत नाही. सुईच्या वाटेने वारा आत शिरतो आणि त्याच वाटेने निळ्या शिरा फुटतात. थंड, दमट जागेत काही आठवडे ते काही महिने हे चीज मुरत ठेवतात. तेवढ्या काळात बुरशी दुधातील स्निग्धांश फोडून त्यांची मेदाम्ले करते आणि त्यांतून पुढे कीटोन वर्गातली द्रव्ये तयार होतात. आमच्या सासूबाईंना ओसरीवर आलेला दर्प तो हाच. प्रथिनेही फुटतात, म्हणून चीज लोण्यासारखे मऊ होते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी कुरडई येत होती. गहू तीन दिवस भिजत घालावेत, रोज पाणी बदलावे, आणि तिसऱ्या दिवशी चीक काढताना घरभर जो आंबूस वास सुटतो तो परक्या माणसाने प्रथमच घेतला तर तो नाकाला पदर लावून बाहेर पळेल. अनारशाच्या तांदळाचेही तेच. आम्हाला तो वास येतच नाही. चैत्र-वैशाखातल्या उन्हाचा आणि वाळवणाचा वास म्हणून तो आमच्या अंगवळणी पडला आहे. हिंगाचे उदाहरण तर याहून बोलके. जर्मन भाषेत हिंगाला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘सैतानाची विष्ठा’ असा होतो! आणि आमचे वरण त्याच्यावाचून अडते.

तथापि एक फरक मान्य केलाच पाहिजे. आपल्याकडे दूध विरजते, आटते, घुसळले जाते. त्याचे दही, ताक, लोणी, तूप, चक्का, खवा होतो. पण दूध फाटले तर गृहिणीचा जीव हळहळतो, घरातली वडीलधारी त्याला अपशकुन मानतात. आमच्या हवेत ते टिकण्यासारखेही नसते. तेव्हा चार महिने मुरवलेले चीज आमच्या स्वयंपाकघरात जन्माला आले नाही यात नवल कसले? दक्षिण फ्रान्समध्ये रोकफोर नावाचे गाव आहे. तेथे कोंबालू डोंगराच्या पोटात नैसर्गिक गुहा आहेत, आणि त्यांच्या भेगांतून बारमाही थंड ओला वारा वाहतो. मेंढीच्या दुधाचे चीज त्या गुहांत मुरवतात. निदान नव्वद दिवस झाल्याखेरीज त्याला रोकफोर म्हणता येत नाही. पूर्वी राईच्या पावावर बुरशी मुद्दाम चढवून, तो पाव सुकवून, त्याची पूड दुधात घालीत. या नावाला 1925 सालापासून कायद्याचे संरक्षण आहे.

इंग्लंडच्या स्टिल्टनची कथा मला फार गमतीची वाटली. हे निळे चीज डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांतच करता येते. ज्या स्टिल्टन गावाचे नाव त्याला मिळाले ते गाव मात्र या तिन्हींच्या बाहेर, केंब्रिजशरमध्ये! लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते गाव. तेथे घोडागाड्या थांबत, तेथल्या खाणावळीत हे चीज विकले जाई, म्हणून प्रवाशांनी त्याला ते नाव दिले. आता त्या गावात कोणी केले तर त्याला स्टिल्टन म्हणण्याची कायद्याने मनाई आहे. पांढुर्णा-सौंसरच्या बागांतली संत्री बाजारात नागपुरी म्हणून विकली जातात, त्याची मला आठवण झाली. नावाचा आणि मातीचा संबंध असा वाकडातिकडा असतो; असो.

इटलीचे गोर्गोन्झोला गाईच्या दुधाचे. त्याचे एक सौम्य, मऊ रूप आहे आणि एक तिखट, ठिसूळ. नवशिक्यांनी सौम्यापासून आरंभ करावा. आपल्याकडेही आता अशी चीजे होऊ लागली आहेत. पुण्याच्या एबीसी फार्म्ससारख्या मंडळींनी परदेशी धर्तीची नाना चीजे येथल्याच दुधातून करण्यास बऱ्याच वर्षांपूर्वी सुरुवात केली, आणि मोठ्या शहरांच्या दुकानांत ब्लू चीज म्हणून विचारल्यास सहसा मिळते. आमच्यासारख्या गावी ते कोणाच्या तरी हातूनच यावे लागते.

आता स्वयंपाकाचे. पुण्यात आणि नंतर घरी मिळून मी जे प्रयोग केले त्यांतले निम्मे फसले, हे आधीच कबूल करते. वऱ्हाडी भरतात हे चीज घातले. भाजलेल्या वांग्याचा धूर, हिरवी मिरची आणि हे चीज यांचे असे जुंपले की ताट कोणी संपवले नाही. तर्रीदार भाजीत घातले तर ते हरवून गेले, पैसे पाण्यात. हिंगाच्या फोडणीशी त्याचे मुळीच पटत नाही, दोघेही घरमालक. लसणाच्या ठेच्याशीही नाही. सूनबाई हसून म्हणाली, “आई, याला गोडाची आणि साध्याची सोबत लागते.” तेथून मार्ग सापडला.

या चीजमध्ये मीठ पुष्कळ असते. म्हणून युरोपात त्याच्याबरोबर नाशपाती, अक्रोड, मध, अंजीर असे पदार्थ देतात. पेय द्यायचे तर तेही गोड मद्य, स्टिल्टनबरोबर पोर्ट. आमच्या घरात मद्य नाही, परंतु तत्त्व उचलायला काय हरकत? उसाच्या काकवीचा एक थेंब मी मधाऐवजी वापरून पाहिला. मधापेक्षा मला तोच बरा वाटला. काकवीत जो किंचित करपट, मातकट स्वाद आहे तो या चीजला धरून राहतो. आणि संत्रे! आंबिया बहाराची संत्री आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात. फोडीवरची पांढरी साल आणि बिया काढून नुसता गर घ्यावा, त्यावर वाटाण्याएवढा चीजचा कण आणि अक्रोडाचा तुकडा. पोळ्याला हे जमत नाही, तेव्हा झाडावरची फळे हिरवी असतात.

भाकरीसाठी मात्र त्याला लोण्यात उतरवावे लागते. शंभर ग्रॅम ताज्या, मीठ न घातलेल्या लोण्याला पन्नास ग्रॅम चीज पुरे. दोन्ही खोलीच्या उष्णतेला मऊ झाल्यावर लाकडी चमच्याने घोटावे. मिक्सरला लावू नये, राखाडी रंगाचा लगदा होतो. शिरा थोड्या दिसत राहिल्या पाहिजेत. ज्वारीची भाकरी पातळ थापून, शेकून, मग मंद आचेवर कडक करावी. तिचे तुकडे करून त्यांवर हे लोणी अगदी पातळ लावावे. वरून काकवी. ज्वारीला स्वतःचा एक गोडवा आहे आणि तो गव्हाच्या पावाला नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकातल्या पावापेक्षा आमची भाकरी येथे सरस ठरते, असे मी निःपक्षपातीपणे म्हणते!

सर्वांत यशस्वी झाला तो पदार्थ आमच्या मक्याचा. छिंदवाड्याच्या पट्ट्यात मका किती पिकतो हे सांगायला नको. उत्तर इटलीत मक्याच्या भरड्याची घट्ट पेज करतात, पोलेंटा म्हणतात तिला, आणि तीत गोर्गोन्झोला घालून खाण्याची तेथे जुनी रीत आहे. हे मला कळले तेव्हा मी मनात म्हटले, अहो, या तर मक्याच्या कण्या! ज्वारीच्या कण्या शिजवणाऱ्या बाईला त्यात शिकायचे ते काय?

एक वाटी मक्याचा जाडसर रवा, चार वाट्या पाणी. पाण्याला उकळी आली की चवीपुरते, नेहमीच्या निम्मे मीठ घालावे आणि रवा धारेने सोडीत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे, गाठी होऊ देऊ नयेत. मग आच मंद करून अर्धा-पाऊण तास अधूनमधून ढवळत शिजवावे. घाई करणाऱ्या भगिनींना येथे इशारा देते: वीस मिनिटांत तो दाट दिसू लागतो, पण दाताला कच्चा लागतो. पातेल्याच्या कडा सुटू लागल्या की खाली उतरवावे. दोन चमचे लोणी आणि साठ-सत्तर ग्रॅम चीज हाताने चुरून घालावे, झाकण ठेवून दोन मिनिटे थांबावे आणि एकदाच हलवावे. चीज आचेवर शिजवीत बसू नये. त्याने वास वाढतो आणि चव कडवटते. वाढताना वर अक्रोडाची भरड. पाच-सहा जणांना पुरते. उरलेच तर थाळीत थापून ठेवावे, दुसऱ्या दिवशी वड्या कापून तव्यावर तुपात खरपूस भाजाव्यात. या वड्या मला मूळ पदार्थापेक्षाही आवडतात.

उकडलेल्या बटाट्याच्या टिक्कीत पोटात सुपारीएवढा चीजचा गोळा भरून तळणे हा सोपा प्रकार आहे. मुले त्याने वश होतात. पालक वाफवून, पिळून, थोड्या सायीत परतून शेवटी चीज चुरले तर भाजी चांगली होते, मात्र मीठ अजिबात घालायचे नाही.

खरी परीक्षा पुढल्या मार्गशीर्षात आली. सूनबाईचे आईवडील प्रथमच आमच्याकडे चार दिवस राहायला येणार होते. त्याच सुमारास फ्रान्सला असलेला माझा भाचा सुट्टीवर आला आणि त्याने मावशीचा नवा नाद ऐकून अस्सल रोकफोरचा एक तुकडा आणून दिला. मला आभाळ ठेंगणे झाले. मेजवानीचा बेत मनात ठरला: विहीणबाईंच्या पुढे त्यांच्याच लेकीने शिकवलेला पदार्थ, तोही फ्रान्सच्या गुहेतल्या चीजचा. पोळ्याच्या दिवशीचे देणे असे फिटेल, अशी माझी समजूत.

आदल्या रात्री सूनबाईने तो कागद हातात घेऊन वाचला आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, “आई, बाबा माळकरी आहेत.”

दूध जमवणारे जे रेनेट मी वर सांगितले, ते परंपरेने दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. रोकफोरला कोकराचे. मांस नसले तरी ते जनावर मारल्यावाचून मिळत नाही. बुरशीपासून किंवा जिवाणूंपासून काढलेलेही रेनेट असते आणि भारतात होणाऱ्या, हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये तसलेच वापरलेले असते. पण परदेशी वेष्टनावर आपला ठिपका कोठून असणार? मी इतका अभ्यास केला, सुया आणि गुहा पाठ केल्या, आणि नेमके हेच विचारायचे राहिले होते. माझे यजमान म्हणाले, चिमूटभर तर असते, कोणाला कळणार आहे? त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझी हिरमुसली मुद्रा पाहून ते बोलले. पण सासूबाई आपल्या खाटेवरून ताडकन म्हणाल्या, “पाहुण्याच्या पोटात फसवून घालशीन काय?” आमच्या घरातला वाद तेथेच संपला. माळ घातलेला मनुष्य आपल्या घरी निश्चिंत मनाने जेवायला बसतो, तो आपल्यावर भरवसा ठेवूनच.

सूनबाईने येताना पुण्याचा तुकडा आणला होता, त्यावर हिरवा ठिपका होता. कण्यांत तो गेला. रोकफोर वेगळ्या बशीत, वेगळ्या सुरीसह, ताटांपासून दूर तिवईवर ठेवला, आणि जेवायला बसण्यापूर्वी मी सर्वांना दोन्हींची हकिगत सांगितली. संकोच वाटला, पण व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सांगितलेत हे फार बरे केले. एरवी मी उगीच शंका घेत एकही घास घेतला नसता.” आणि त्यांनी कण्या दोनदा मागून घेतल्या. रोकफोर भाच्याने, माझ्या मुलाने आणि मी चाखला. खरे सांगायचे तर माझ्या जिभेला तो फार खारट आणि फार तीक्ष्ण लागला. मेंढीच्या दुधाची सवय नाही म्हणा.

नव्या पाहुण्याला हे चीज देताना मी आता काही गोष्टी पाळते. ताटात आधीच वाढून ठेवीत नाही. बाजूला ठेवते आणि काय आहे ते सांगते. ज्याला नको त्याच्यासाठी त्याच कण्या नुसत्या लोण्याच्या काढलेल्या असतात, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला उपाशी वाटत नाही. आग्रह करणे हा आम्हा मराठी यजमानिणींचा स्वभाव, पण या एका पदार्थाला आग्रह नाही. गर्भवतीला मऊ निळे चीज कच्चे मुळीच देऊ नये; त्यात लिस्टेरिया नावाचे जिवाणू असण्याचा संभव असतो आणि ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. पूर्णपणे शिजवून वाफाळते केलेले चालते, पण आमच्याकडे तर ताटाला लावायचेच नाही असा नियम मी केला आहे. रक्तदाबाच्या मंडळींनी मिठाकडे पाहावे.

आणखी एक, फार महत्त्वाचे. यातली बुरशी मुद्दाम निवडलेली, पोसलेली आहे. म्हणून घरच्या शिळ्या भाकरीवर, लोणच्यावर किंवा साध्या चीजच्या डब्यात आपोआप आलेली बुरशी खाण्याजोगी ठरत नाही. तिच्यातले काही प्रकार विषारी असतात. ब्लू चीजवरही काळे, गुलाबी किंवा केसाळ डाग दिसले, ते बुळबुळीत झाले, किंवा अमोनियाचा झणका आला तर ते फेकूनच द्यावे. हे लिहिताना मला हसू येते, कारण फेकण्यात मी पटाईत आहेच.

जेवणाच्या त्या रात्री सासूबाई सर्वांच्या शेवटी बसल्या. त्यांना कोणी वाढले नव्हते. त्यांनी आपणच सूनबाईला खुणेने बोलावले आणि कडक भाकरीचा एक तुकडा मागितला. तिने नखाएवढे लोणी लावून, वर काकवीचा थेंब सोडून दिला. त्यांनी तो बराच वेळ चघळला. नाक वाकडे केले. मग म्हणाल्या, “वासाले खराब हाय, पन खायले तसं नाही.” दुसरा तुकडा मात्र त्यांनी घेतला नाही, आणि आजतागायत पुन्हा मागितलेलाही नाही.

हे चीज चांदीच्या कागदापेक्षा मेणकागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, दूध-लोण्यापासून लांब ठेवावे. खाण्यापूर्वी पाऊण तास बाहेर काढावे, म्हणजे ते मऊ पडते आणि चव खुलते. आमच्या वैशाखात मात्र दहा मिनिटे पुरतात. या कामासाठी मी एक लहान स्टीलचा डबा वेगळा काढला आहे. गेल्या पोळ्याला सूनबाई येण्याच्या आधीच सासूबाईंनी नातवंडाकडून एक चिठ्ठी लिहवून त्या डब्यावर चिकटवून घेतली. मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘सुनेचे आहे. फेकू नये.’